नाव लांबवून नाव पुसू नका

मार्च २०२५ मध्ये कोल्हापुरात एक मोर्चा निघाला. हिंदुत्ववादी संघटनांनी काढलेल्या या मोर्चाची मागणी अशी होती की, शिवाजी विद्यापीठाचे नाव बदलून 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' असे करावे. 'शिवाजी विद्यापीठ' म्हणण्यात महाराजांचा एकेरी उल्लेख होतो, तो अवमान आहे, असा या मंडळींचा दावा. वरवर पाहता मागणी रास्त वाटते. शिवरायांना 'छत्रपती' आणि 'महाराज' म्हणायला कोणाची हरकत असणार? आमची तर मुळीच नाही. रायगडावरील शिवसमाधीचा शोध घेणारे आणि शिवरायांचा पोवाडा रचणारे महात्मा जोतीराव फुले हे आमचेच पूर्वज आहेत. शिवरायांचा आदर कसा करावा हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

तरीही या मागणीला आमचा विरोध आहे. कारण साधे आहे. हे नाव लांबवले, तर ते कोणाच्याही तोंडात राहणार नाही. उद्या सातारा-सांगलीची पोरे 'सीएसएमयू'ला प्रवेश घेतला असे सांगतील, आणि त्या चार अक्षरांत ना छत्रपती दिसतील, ना शिवाजी, ना महाराज. ही आमची कल्पना नव्हे. हे महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा घडलेले आहे आणि आजही डोळ्यांसमोर घडते आहे.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांची उच्च शिक्षणाची भिस्त आज याच विद्यापीठावर आहे. आमच्या स्वतःच्या कायद्याच्या पदवीवरही हेच नाव छापलेले आहे. या विद्यापीठाच्या उभारणीत यशवंतराव चव्हाण आणि पाटणचे बाळासाहेब देसाई या सातारा जिल्ह्यातील दोन नेत्यांचा मोठा वाटा होता. नावाची चर्चा झाली तेव्हा लांबलचक बिरुदावलीचा पर्याय पुढे आला नव्हता असे नाही. पण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे काय झाले ते समोर होते. १९४९ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ लोकांच्या तोंडी 'एमएसयू' झाले होते. महाराजांच्या नावाची तशी गत होऊ नये म्हणून 'शिवाजी विद्यापीठ' हे दोन शब्दांचे नाव जाणीवपूर्वक ठेवले गेले, असे या विद्यापीठाच्या वर्तुळात आजवर सांगितले जाते. याचा अर्थ असा की, ज्याला आज 'एकेरी उल्लेख' म्हटले जाते तो अनादर नव्हता. ती दूरदृष्टी होती.

'एमएसयू'चे उदाहरण आपल्या समाजाला अधिक लागायला हवे. हे सयाजीराव गायकवाड कोण? १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवणारे हेच ते महाराज. ज्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आपल्या संस्थानात लागू केले, ज्यांच्या मदतीशिवाय बाबासाहेबांच्या शिक्षणाची वाट त्या वेळी खुली झाली नसती, त्या माणसाच्या नावाचे विद्यापीठ आहे, आणि तिथे शिकणारा विद्यार्थी दिवसातून दहा वेळा 'एमएसयू' म्हणताना 'सयाजीराव' हा शब्द एकदाही उच्चारत नाही. 'एस' या एका अक्षरात सयाजीराव संपले.

काही विद्यापीठे आद्याक्षरांनीच का ओळखली जातात, याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड, कोलंबिया यांची आद्याक्षरे कोणी वापरत नाही. ती एका शब्दाची नावे आहेत, त्यांना छोटे करण्याची गरजच पडत नाही. उलट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था जगभर 'एलएसई' आहे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 'एमआयटी' आहे. बाबासाहेब कोलंबियात शिकले आणि एलएसईतही शिकले. पहिल्या नावाला आद्याक्षरे चिकटली नाहीत, दुसऱ्याला चिकटली. दोन्ही संस्थांचा दर्जा मोठाच. फरक आहे तो फक्त नावाच्या लांबीचा आणि त्यातील 'स्कूल', 'इन्स्टिट्यूट', 'टेक्नॉलॉजी' अशा सर्वसामान्य शब्दांचा. जीभ आळशी असते. तीन शब्दांच्या पुढे गेलेले नाव ती आपणहून कापते. हा कोणाचा कट नाही, तो बोलण्याचा स्वभाव आहे.

आमच्या सांगलीतच पाहा. विश्रामबागेत १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे. विलिंग्डन हा मुंबई इलाख्याचा इंग्रज गव्हर्नर. देश स्वतंत्र होऊन किती वर्षे झाली, पण त्याचे नाव सांगलीचा रिक्षावालासुद्धा रोज पूर्ण उच्चारतो. १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आजही 'वालचंद'च आहे. आणि स्वातंत्र्यसैनिक, मुख्यमंत्री, सांगलीचे लोकनेते वसंतदादा? बुधगावच्या संस्थेला त्यांचे नाव देताना आदराने 'पद्मभूषण वसंतरावदादा पाटील इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' असे दिले गेले. विद्यार्थी तिला 'पीव्हीपीआयटी' म्हणतात. त्यातला पहिला 'पी' पद्मभूषणचा आहे आणि दुसरा पाटलांचा, हे किती जणांना माहीत असेल? वाळवा तालुक्यात साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाची संस्था आहे, ती 'आरआयटी'. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ते 'केबीपी'. इंग्रज गव्हर्नर पूर्ण नावाने जिवंत आणि आमचे कर्मवीर तीन अक्षरांत बंद! हा इतिहासाचा विनोद म्हणायचा की आपल्या भाबडेपणाची किंमत?

आता आपल्या काळजाच्या विषयाकडे येऊ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात काय घडले हे सांगण्याची गरज नाही. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी नाव मिळाले. आम्ही त्या वेळी साताऱ्यात शाळेत होतो. संक्रांतीचा दिवस होता. वस्तीतल्या विहारासमोर माणसे जमली होती आणि त्या वर्षी तिळगुळाऐवजी पेढे वाटले गेले. म्हातारी माणसे एकमेकांना मिठी मारून रडत होती. आम्हाला तेव्हा सगळे कळले नाही, पण एका नावासाठी माणसे रडू शकतात एवढे कळले.

पण त्या दिवशी जे मिळाले ते नामांतर नव्हते. तो 'नामविस्तार' होता. 'मराठवाडा' हा शब्द काढायचा नाही, त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडायचे, अशी ती तडजोड होती. विरोधकही शांत राहावेत आणि आंदोलकांनाही समाधान मिळावे, असा तो मध्यममार्ग. त्यातून तयार झाले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. एवढे मोठे नाव रोजच्या बोलण्यात टिकणार नव्हतेच. आज ते विद्यापीठ 'बामू' आहे. सोळा वर्षे, जळालेली घरे, गेलेले प्राण, आणि शेवटी हाती उरले दोन अक्षरांचे 'बामू'. ज्या नावासाठी पोचिराम मेला, ते नाव त्याच विद्यापीठाच्या आवारातसुद्धा सर्रास उच्चारले जात नाही.

आमचे म्हणणे पुढे आहे. १९९४ ची ती तडजोड तिथेच थांबली नाही. पुढे तिचा साचाच झाला. २००५ साली नागपूर विद्यापीठ 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' झाले; लोक म्हणतात 'आरटीएमएनयू'. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ' झाले, ते 'एसजीबीएयू'. २०१४ साली पुणे विद्यापीठ 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' झाले, ते 'एसपीपीयू'. २०१८ साली जळगावचे 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' झाले आणि २०१९ साली सोलापूरचे 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ'. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला तर मराठी वृत्तपत्रांनीच 'स्वारातीम' करून टाकले. प्रत्येक ठिकाणी तोच साचा. आधी बिरुद, मग नाव, मग आडनाव, आणि शेवटी जुने प्रादेशिक नाव जसेच्या तसे. सरकारला महापुरुषांचे अनुयायीही खूश ठेवायचे असतात आणि जुन्या नावाचे अभिमानीही दुखवायचे नसतात. म्हणून नाव बदलायचे नाही, नुसते वाढवायचे. आणि वाढवलेले नाव जीभ कापते. म्हणजे ही आद्याक्षरे केवळ बोलण्याच्या सोयीतून आलेली नाहीत. ती अर्धवट निर्णयाची शिल्लक आहेत.

अशा लांब नावाची दोनच गती होते. एक तर आद्याक्षरे, नाही तर जुने नाव. सावित्रीबाईंचे उदाहरण घ्या. सावित्रीबाई आमच्या सातारा जिल्ह्याची लेक. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगावला तिचा जन्म झाला. मुलींना शिकवताना जिने शेणमातीचा मारा सोसला, तिचे नाव पुण्यातील विद्यापीठाला मिळाले याचा आम्हाला अभिमान आहे. पण बोलताना काय होते? अर्धी माणसे 'एसपीपीयू' म्हणतात आणि उरलेली अर्धी अजूनही 'पुणे विद्यापीठ'च म्हणतात. दोन्हीकडे सावित्री गैरहजर. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचेही असेच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली सुरू केलेल्या या विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव दिले. त्या आईचे नाव आज 'एसएनडीटी' आहे. तिथल्या विद्यार्थिनींना नाथीबाई कोण असे विचारा, किती जणी सांगतील?

एक उदाहरण आम्हाला फार बोचते, म्हणून ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'बाटू' म्हणतात. मराठीत 'बाटणे' या क्रियापदाचा अर्थ काय होतो हे आम्ही वाचकांना सांगायला नको. लोणेरे महाडपासून दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तळे 'बाटले' म्हणून सनातन्यांनी शेण-गोमूत्राने त्याची शुद्धी केली होती. त्याच महाडच्या शेजारी, त्याच महामानवाच्या नावाच्या विद्यापीठाला आपण 'बाटू' म्हणतो आणि कोणाच्या कानाला ते खटकत नाही! यात कोणाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी अक्षरे जुळली आणि शब्द झाला. पण आद्याक्षरांना अर्थाची लाज नसते, हे यातून कळावे.

देशभर पाहिले तर हीच कथा. लखनौमध्ये बाबासाहेब 'बीबीएयू' आहेत, हैदराबादच्या मुक्त विद्यापीठात 'बीआरएओयू', दिल्लीत 'एयूडी'. एकाच माणसाच्या नावाची इतकी विद्यापीठे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी अक्षरे. परगावच्या माणसाने ही अक्षरे ऐकली तर ती सगळी एकाच माणसाच्या नावाची आहेत हे त्याला कळणारसुद्धा नाही.

आम्ही वकिली करतो. कायद्यात आद्याक्षरांना स्थान नसते. दावा दाखल करताना पक्षकाराचे पूर्ण नाव लिहावे लागते, प्रतिज्ञापत्रात तर वडिलांचे नाव, वय, धंदा, पत्ता सगळे लागते. का? कारण नाव अर्धवट असेल तर जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्येही प्रत्येक विद्यापीठ पूर्ण नावानेच आहे. संक्षेप करताना काय गळते ते महत्त्वाचे असते, हा धडा आम्हाला कोर्टातच मिळाला. 'अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९' हा कायदा लोकांच्या तोंडी काय आहे? नुसता 'ॲट्रॉसिटी'. पोलीस ठाण्यापासून पारापर्यंत सगळे म्हणतात, 'त्याने ॲट्रॉसिटी टाकली.' ॲट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. अत्याचार केला आरोपीने. पण बोलण्यात 'प्रतिबंध' हा शब्द गळाला आणि अत्याचार 'टाकणारा' झाला फिर्यादी! एक शब्द गळाल्यामुळे पीडित माणूस गुन्हेगारासारखा दिसू लागतो. नाव छोटे करणे ही गंमत नाही, बांधवांनो.

मध्यंतरी जत तालुक्यातील एक तरुण प्रतिज्ञापत्रासाठी आमच्याकडे आला होता. मराठवाड्यात राहून त्याने एम.ए. केलेले. त्याच्या अर्जावर विद्यापीठाच्या रकान्यात फक्त 'बामू' लिहिले होते. आम्ही म्हटले, अरे, पूर्ण नाव लिही की. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, पूर्ण नाव लिहिलं की मुलाखतीत पुढचा प्रश्न बदलतो." आम्हाला बोलता येईना. आडनावाऐवजी एकच अक्षर लिहिणारी आपली पोरे आम्ही पुण्या-मुंबईत पाहिली आहेत. भाड्याची खोली मिळावी म्हणून, कंपनीत कुजबूज नको म्हणून. पण विद्यापीठाचे नावसुद्धा लपवावे लागते हे त्या दिवशी कळले. म्हणजे कोणासाठी आद्याक्षरे ही बोलण्याची सोय आहे आणि कोणासाठी ती ढाल आहे. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. ज्या समाजात बाबासाहेबांचे नाव ऐकून मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा बदलतो, दोष त्या समाजाचा आहे. पण ढालीमागे किती पिढ्या उभे राहायचे, हा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल.

सगळीच आद्याक्षरे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याच घरातील भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लिहिलेले असते: एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., एलएल.डी., डी.लिट., बार-ॲट-लॉ. ही अक्षरे आपल्या अशिक्षित आज्याही पाठ म्हणून दाखवत. पण ती अक्षरे पूर्ण नावाच्या पुढे लागलेली आहेत, नावाच्या जागी आलेली नाहीत. कमावलेली अक्षरे नाव मोठे करतात. कापून उरलेली अक्षरे नाव गिळतात. तसेच 'जेएनयू' म्हणणारा विद्यार्थी किंवा 'बामू' म्हणणारी विद्यार्थिनी अनादर करते असेही नाही. त्यात आपुलकी असते. शिवाजी विद्यापीठाचेही कागदोपत्री 'एसयूके' होतेच. पण लोकांच्या तोंडी अजून 'शिवाजी विद्यापीठ' टिकले आहे, ते केवळ त्या दोन शब्दांच्या बळावर. ते बळ काढून घेऊ नका, एवढेच आमचे सांगणे. मुंबईच्या स्थानकाचे उदाहरण ताजे आहे. १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनसला शिवरायांचे नाव दिले, ते 'सीएसटी' झाले. २०१७ साली 'महाराज' जोडले, ते 'सीएसएमटी' झाले. आदर वाढला म्हणतात; प्रत्यक्षात वाढले ते एक 'एम' हे अक्षर.

नाव कसे ठेवावे याचा वस्तुपाठ स्वतः बाबासाहेबांनी घालून दिलेला आहे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत महाविद्यालय काढले, त्याचे नाव ठेवले सिद्धार्थ. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले, त्याचे नाव ठेवले मिलिंद आणि त्या परिसराला म्हटले नागसेनवन. त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, आईवडिलांचे दिले नाही, कोणा देणगीदाराचेही दिले नाही. एका शब्दाचे नाव दिले आणि त्या शब्दात विचार ठेवला. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, हे त्या नावातच आले. संस्था 'पीईएस' झाली, पण 'सिद्धार्थ' आणि 'मिलिंद' यांची आद्याक्षरे आजवर कोणालाही करता आली नाहीत. जे नाव एका शब्दात पूर्ण आहे, त्याला कोणी कापू शकत नाही.

म्हणून आम्हाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शिवाजी विद्यापीठाचे नाव आहे तसेच राहू द्यावे. सातारा-सांगलीच्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर गप्प राहू नये. हा फक्त मराठा समाजाचा किंवा कोल्हापूरकरांचा प्रश्न नाही. दुसरी, लांब नावाचा संक्षेप होणारच असेल तर तो अक्षरांचा न करता माणसाच्या नावाचा करावा. 'बामू' न म्हणता 'आंबेडकर विद्यापीठ' म्हणावे. 'एसपीपीयू' न म्हणता 'सावित्रीबाई फुले विद्यापीठ' म्हणावे, 'एसजीबीएयू' न म्हणता 'गाडगेबाबा विद्यापीठ' म्हणावे. यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. आपल्या सभेच्या फलकावर, निमंत्रण पत्रिकेवर, भाषणात आपण ठरवले तर उद्यापासून होते. आपल्याच कार्यक्रमांच्या फ्लेक्सवर 'बामू' छापलेले आम्ही पाहिले आहे, म्हणून हे आधी स्वतःला सांगतो आणि मग इतरांना. तिसरी, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांतून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले आहे. नाव नवे आहे, जिभेवर अजून बसायचे आहे. त्याचे 'केबीपीयू' होण्याआधीच सातारकरांनी त्याला 'कर्मवीर विद्यापीठ' म्हणायची सवय लावून घ्यावी. ज्या अण्णांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंक्तीला बसवली, त्यांचे नाव अक्षरांत अडकू देऊ नये.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? फी वाढते आहे, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणारे अर्धपोटी राबतात, शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपले तरी मिळत नाहीत, आणि तुम्ही अक्षरे मोजत बसलात? आक्षेप खरा आहे. नाव पूर्ण उच्चारले म्हणून कोणाची शिष्यवृत्ती जमा होणार नाही. या प्रश्नांवर रस्त्यावर उतरावेच लागेल, आणि नाव लांबवण्यासाठी निघणारे मोर्चे या प्रश्नांसाठी का निघत नाहीत, हेही विचारावे लागेल. पण ज्या विद्यापीठावर सावित्रीबाईंचे नाव आहे तिथे मुलीची फी परवडत नसेल, तर ते नाव पूर्ण उच्चारले गेले पाहिजे, म्हणजे विसंगती कानाला टोचेल. 'एसपीपीयूने फी वाढवली' ही नुसती बातमी होते. 'सावित्रीबाईंच्या विद्यापीठाने मुलींची फी वाढवली' हा आरोप होतो. पूर्ण नाव हे सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याचे हत्यार आहे. आद्याक्षरांनी ते बोथट होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या त्या जुन्या रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' असे पूर्ण नाव आहे. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही. तरी रजिस्टरात त्याचे नाव पूर्ण होते. आज शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. ज्या साताऱ्याने ते नाव पहिल्यांदा पूर्ण लिहिले, त्या साताऱ्याने आणि शेजारच्या सांगलीने एवढे तरी करावे. जे नाव आपल्या माणसांनी रक्त सांडून मिळवले, ते तोंड भरून उच्चारावे.

जय भीम!